दोघांचे विमान, एकाची खुर्ची

भुसावळहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग जळगाव जिल्ह्यातल्या बोदवडवरून जातो. या पट्ट्यातल्या दोन-तीन पिढ्यांनी मोठे यंत्र पहिल्यांदा जवळून पाहिले ते रेल्वेचे. कोळशाच्या इंजिनात ड्रायव्हर आणि फायरमन एकाच फूटप्लेटवर उभे राहत. दोघांचा पगार वेगळा, हुद्दा वेगळा. पण वेळ आलीच तर उडी मारायला इंजिनाच्या दोन्ही बाजू दोघांनाही सारख्याच मोकळ्या होत्या. इंजिन घडवणाऱ्याने बढतीच्या पायऱ्या मानल्या असतील, सुटकेच्या मात्र मानल्या नाहीत. ही गोष्ट इतकी साधी आहे की तिची दखल घ्यावी असे कुणाला वाटत नाही. भारतीय हवाई दलात पन्नास वर्षे उडालेल्या एका बाँबफेकी विमानात मात्र असे नव्हते. त्यात दोघे बसत, आणि विमान पेटले तर माणसाला क्षणात बाहेर फेकणारी खुर्ची त्या दोघांपैकी एकालाच होती. त्या विमानाचे नाव कॅनबेरा. पुणे आणि आग्रा ही त्याची दोन ठिकाणे. नकाशावर या दोन शहरांमध्ये पट्टी ठेवून रेघ ओढली तर ती जळगाव जिल्ह्याच्या पश्चिम भागातून जाते. विमानाचा परिचय करून देताना त्याचा वेग, त्याची उंची, त्याने टाकलेले बाँब यांचे आकडे देण्याची रीत आहे. ते आकडे पुढे येतीलच. पण लढाऊ यंत्राची खरी ओळख ते उडताना होत नाही, ते पडताना होते. पडणाऱ्या विमानातून कोण वाचेल आणि कोण नाही, याचा बराचसा निर्णय लढाईच्या रात्री होत नाही. तो कित्येक वर्षे आधी आराखड्याच्या कागदावर झालेला असतो, असे मला मांडायचे आहे.

कॅनबेराची कुळकथा ब्रिटनमधली. इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीत डब्ल्यू. ई. डब्ल्यू. पेटर या अभियंत्याने ते आखले आणि १३ मे १९४९ रोजी रोलंड बीमॉन्ट या चाचणी वैमानिकाने ते पहिल्यांदा उडवले. दोन रोल्स-रॉइस एव्हन जेट इंजिने आणि रुंद, आखूड पंख असलेले हे विमान इतक्या उंचीवर जाई की त्या काळातली बहुतेक लढाऊ विमाने त्याच्याखाली धापा टाकत राहत. फेब्रुवारी १९५१ मध्ये वाटेत इंधन न घेता अटलांटिक महासागर ओलांडणारे ते पहिले जेट विमान ठरले. बचावासाठी त्याला बंदूकधारी नव्हता. शत्रूपेक्षा उंच आणि वेगाने जायचे, हीच त्याची ढाल. भारताने १९५७ मध्ये त्याची मागणी नोंदवली: ५४ बाँबफेकी, ८ छायाचित्रण करणारी आणि ६ प्रशिक्षणाची, अशी एकूण ६८ विमाने. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्तीच्या वेळी याच विमानांनी पुण्याहून उड्डाण केले. १८ डिसेंबरच्या सकाळी विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली १२ कॅनबेरांनी दाभोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले, आणि त्यांच्यामागून विंग कमांडर सुरिंदर सिंग यांच्या ८ विमानांची दुसरी तुकडी आली. टर्मिनलच्या इमारतीला धक्का लावायचा नाही अशी ताकीद होती आणि ती पाळली गेली. त्याच सुमारास विंग कमांडर ए. आय. के. सुआरेस यांच्यासोबत सहा कॅनबेरा संयुक्त राष्ट्रांच्या वतीने काँगोत लढत होत्या. कारकीर्द म्हणून पाहिले तर ही देखणी सुरुवात. गोव्यात एकही कॅनबेरा शत्रूच्या माऱ्याने पडली नाही, त्यामुळे पडणाऱ्या कॅनबेराचा प्रश्नही तेव्हा कुणापुढे उभा राहिला नाही.

आता त्या विमानाच्या पोटात डोकावू. भारताने घेतलेल्या बाँबफेकी प्रकाराला बी(आय)५८ म्हणत. मूळ कॅनबेरा उंचावरून बाँब टाकण्यासाठी होती. हा प्रकार जमिनीलगत, रात्रीसुद्धा, शत्रूच्या मुलखात शिरून हल्ला करता यावा म्हणून नव्याने आखलेला होता. त्यासाठी पोटाखाली २० मिलिमीटरच्या चार तोफांचा संच बसवता येई. खालून उडायचे तर वैमानिकाला चौफेर दिसले पाहिजे, म्हणून त्याला लढाऊ विमानासारखा काचेचा घुमट दिला. हा घुमट विमानाच्या मध्यरेषेवर नाही, डावीकडे सरकलेला आहे. ओळखणारे कॅनबेराचा हा प्रकार त्यावरूनच ओळखतात. घुमटाखाली वैमानिक, आणि त्याच्याखाली ती बाहेर फेकणारी खुर्ची, म्हणजे इजेक्शन सीट. दुसरा माणूस, म्हणजे नेव्हिगेटर, वैमानिकाच्या पुढे आणि खालच्या अंगाला, विमानाच्या नाकाडात. तिथे त्याचे नकाशाचे टेबल आणि उपकरणे. बाँब टाकायची वेळ आली की नाकाच्या काचेपाशी पालथे पडून तो नेम धरी. वाट शोधायची त्याने, वेळेचा हिशेब त्याने ठेवायचा, बाँब त्याने सोडायचा. थोडक्यात, ज्या कामासाठी विमान इतक्या दूर आले ते काम त्याचे. पण इजेक्शन सीट त्याला नाही. विमान सोडायची आज्ञा झाली की त्या अरुंद जागेतून सरपटत उजव्या बाजूच्या दारापाशी जायचे, ते दार उघडायचे आणि पॅराशूटच्या भरवशावर बाहेर उडी घ्यायची. विमान सरळ उडत असेल, उंची पुरेशी असेल आणि अंग शाबूत असेल तर हे जमण्यासारखे आहे. गिरक्या घेत कोसळणाऱ्या विमानात माणूस भिंतीला असा चिकटतो की त्याला हातसुद्धा उचलवत नाही. वैमानिकाला ओढायची होती एक मूठ. नेव्हिगेटरला गाठायचे होते एक दार.

१९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धात २१ सप्टेंबरच्या रात्री पाकिस्तानातल्या सरगोध्याच्या मोहिमेवर गेलेली एक कॅनबेरा परतीच्या वाटेवर होती. वैमानिक फ्लाइट लेफ्टनंट एम. एम. लो, नेव्हिगेटर फ्लाइंग ऑफिसर के. के. कपूर. पाकिस्तानी हवाई दलाचे स्क्वाड्रन लीडर जमाल खान एफ-१०४ स्टारफायटर घेऊन त्यांच्या मागावर होते. हेच पुढे पाकिस्तानी हवाई दलाचे प्रमुख झाले. जमिनीवरच्या रडारने त्यांना दिशा दिली, आणि फाझिल्काच्या आसपास त्यांनी सोडलेल्या साइडवाइंडर क्षेपणास्त्राने कॅनबेराचा वेध घेतला. लो इजेक्ट झाले आणि युद्धकैदी म्हणून जिवंत राहिले. कपूर मारले गेले. युद्धबंदी लागू झाली २३ सप्टेंबरच्या पहाटे, म्हणजे त्यानंतर दोन दिवसांच्या आत. युद्धाच्या हिशेबात या रात्रीची नोंद एका ओळीची आहे: एक कॅनबेरा पाडली गेली. त्या ओळीत विमान एक आहे, आणि विमान एक म्हटले की दैवही एकच असणार असे आपण मानून चालतो. प्रत्यक्षात एकाच लोखंडी पोटात दोन वेगळी दैवे बसलेली होती. लढाईत कोण जात्यात आणि कोण सुपात हे नशीब ठरवते असे म्हणण्याची आपली पद्धत आहे. इथे सूप कुणाचे आणि जाते कुणाचे, हे विमान तयार होतानाच ठरून गेले होते.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: एका रात्रीवरून यंत्राला दोष कसा देता? क्षेपणास्त्राचा स्फोट माणूस पाहून होत नाही. आक्षेप रास्त आहे, म्हणून शेजारी ठेवायला दुसरी उदाहरणे हवीत, आणि ती याच विमानाच्या घराण्यात सापडतात. १० एप्रिल १९५९ रोजी, ईदच्या दिवशी, भारताची छायाचित्रण करणारी एक कॅनबेरा रावळपिंडीजवळ पाकिस्तानी सेबर विमानांनी पाडली. त्यात स्क्वाड्रन लीडर जे. सी. सेनगुप्ता आणि फ्लाइट लेफ्टनंट एस. एन. रामपाल होते. या प्रकारात दोघांनाही इजेक्शन सीट होती. दोघेही बाहेर पडले, पकडले गेले आणि मायदेशी परतले. दुसरे उदाहरण पलीकडच्या बाजूचे. पाकिस्तानकडे होते ते बी-५७ विमान म्हणजे अमेरिकेत परवान्याने बनलेली कॅनबेराच. १९६५ च्या त्या रात्रींमध्ये दोन्ही देश एकाच आईच्या लेकरांवर बसून एकमेकांच्या तळांवर जात होते. पण अमेरिकनांनी आपल्या नमुन्यात दोघांना एकामागे एक बसवले आणि दोघांनाही इजेक्शन सीट दिली. १४ सप्टेंबर १९६५ रोजी आदमपूरवर आलेले एक बी-५७ आपल्या विमानवेधी तोफांनी पाडले; त्यातले दोघेही इजेक्ट झाले आणि दोघेही आपले युद्धकैदी झाले. तेच पंख, तेच घराणे, तेच युद्ध, आठवड्याचे अंतर. दोन खुर्च्या होत्या तिथे दोघे वाचले. एक होती तिथे एक.

तरीही दोन-चार घटनांवरून नियम बांधता येत नाही, हे मला मान्य आहे. त्यासाठी आणखी मागे, दुसऱ्या महायुद्धाकडे जावे लागते. ब्रिटनच्या बाँबर कमांडमध्ये सुमारे १,२५,००० जण विमानांतून लढले आणि त्यांतले ५५,५७३ मारले गेले. इतक्या मृत्यूंच्या ढिगातून गणित काढण्याचे काम तिथल्या संशोधन विभागात फ्रीमन डायसन नावाचा विशीतला गणिती करत होता. हाच पुढे मोठा भौतिकशास्त्रज्ञ म्हणून जगाला माहीत झाला. शत्रूने पाडलेल्या विमानातून किती जण जिवंत बाहेर पडतात हे त्याने पाहिले. अमेरिकेच्या दिवसा उडणाऱ्या बाँबफेकी विमानांतून सुमारे निम्मे वाचत. रात्री उडणाऱ्या ब्रिटिश हॅलिफॅक्समधून साधारण २५ टक्के, आणि ब्रिटनला ज्याचा सर्वांत जास्त अभिमान होता त्या लँकेस्टरमधून जेमतेम १५ टक्के. हॅलिफॅक्स आणि लँकेस्टर एकाच आकाशात, एकाच शत्रूपुढे, एकाच रात्री उडत. मग फरक कशाने? उत्तर होते बाहेर पडायच्या झडपेत. लँकेस्टरची झडप २२ इंच रुंद होती, हॅलिफॅक्सची २४ इंच. जाड कपडे, पट्टे आणि पॅराशूट घातलेला माणूस अंधारात त्या भोकातून जाताना दोन इंच म्हणजे आयुष्य होते. ही झडप मोठी करावी म्हणून त्याच विभागातल्या माइक ओलॉफलिनने धरणे धरल्यासारखा पाठपुरावा केला. ती मोठी होईपर्यंत युद्ध जवळपास संपले होते. ज्याला दोन-चार उदाहरणे पुरत नाहीत, त्याच्यासाठी हा हजारो माणसांचा पुरावा आहे. कॅनबेराच्या बाबतीत तर अंतर नुसते दोन इंचांचे नव्हते. एकाला दारच खुर्चीसकट मिळाले होते आणि दुसऱ्याला ते शोधत जायचे होते.

याच लँकेस्टरमधून एक मराठमोळ्या आडनावाचा माणूसही उडाला. शैलेंद्र एकनाथ सुखठणकर नेव्हिगेटर म्हणून बाँबर कमांडमध्ये लढले, त्यांना डीएफसी हे शौर्यपदक मिळाले, आणि लंडनमधल्या हेंडन इथल्या संग्रहालयात आज जी लँकेस्टर जपून ठेवली आहे तिच्यातूनही त्यांनी मोहिमा केल्या. ते परत आले. त्यांचे नाव आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नाही याचे एक कारण अंतर आहे, पण दुसरे कारण त्यांच्या कामात आहे. नेव्हिगेटर दिसत नाही. गोष्ट सांगणारा वैमानिकाची सांगतो, चित्रपट वैमानिकावर निघतो, शाळेतला मुलगा मोठेपणी वैमानिक होणार असतो. अंधारात, खाली शत्रूचा मुलूख असताना, वारा किती आणि कुठून हे ताडून पेन्सिलीने रेघा ओढत सात जणांना घरी आणणाऱ्या माणसाचे चित्र कुणाच्या डोळ्यासमोर उभे राहत नाही. मला वाटते, खुर्ची नसणे आणि नाव नसणे या दोन गोष्टी एकाच मुळाच्या आहेत. विमान म्हणजे वैमानिक, हे समीकरण आधी मनात पक्के झाले आणि मग ते पत्र्यात आणि खिळ्यांत उतरले.

दुसरा आक्षेप अभियंत्यांच्या बाजूचा आहे आणि तो वजनदार आहे. विमानात प्रत्येक किलोचा हिशेब असतो. नाकाच्या चिंचोळ्या जागेत पालथे पडून नेम धरणाऱ्या माणसाला इजेक्शन सीट द्यायची कशी? ती वर कुठून फेकायची? वैमानिकाला चांगले दिसावे म्हणून नेव्हिगेटरला पुढे खाली सरकवले, त्यातून दोघांचाही जीव वाचण्याची शक्यता वाढलीच ना? या युक्तिवादातले शेवटचे वाक्य खरे आहे. उत्तम दिसणे हीसुद्धा सुरक्षा असते. पण 'जमण्यासारखे नव्हते' हे मात्र पुराव्यावर टिकत नाही. कॅनबेराच्या आधीच्या बी-२ या प्रकारात वैमानिक आणि त्याच्यामागचे दोघे, अशा तिघांनाही इजेक्शन सीट होत्या. नेम धरायला पुढे गेलेल्याला संकटात सरपटत मागे यावे लागे हे खरे, पण मागे त्याची खुर्ची होती. म्हणजे जे आधी दिले होते ते नव्या आराखड्यात काढून घेतले गेले. ही विचारसरणी एका विमानापुरतीही नव्हती. ब्रिटनच्या व्हल्कन या प्रचंड बाँबफेकी विमानात पुढच्या दोन वैमानिकांना इजेक्शन सीट होत्या, मागे पाठमोऱ्या बसणाऱ्या तिघांना नव्हत्या. १ ऑक्टोबर १९५६ रोजी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या दौऱ्याहून परतलेले व्हल्कन लंडनच्या हीथ्रो विमानतळावर खराब हवेत उतरताना कोसळले. वैमानिक आणि त्याच्या शेजारी बसलेले एअर मार्शल हॅरी ब्रॉडहर्स्ट बाहेर फेकले जाऊन वाचले. त्या दिवशी मागे बसलेले चौघे मेले. त्यानंतर मागच्यांनाही खुर्च्या द्याव्यात अशी मागणी झाली, आणि १९६० मध्ये मार्टिन-बेकर कंपनीने व्हॅलियंट विमानाच्या मागच्या जागेवरून जिवंत माणूस बाहेर फेकून ते शक्य असल्याचे दाखवूनही दिले. खुर्च्या बसल्या नाहीत. तेव्हा अडचण तंत्राची होती त्यापेक्षा जास्त किमतीची आणि सवडीची होती; आणि किंमत नको झाली की ती कुणी मोजायची, हेही ठरून जाते.

तिसरा आक्षेप आपल्या घरचा: भारताला निवड होती कुठे? १९५० च्या दशकात परकीय चलन तुटपुंजे, स्वतःचे जेट बाँबफेकी विमान नाही, शेजाऱ्याला अमेरिकेची मदत चालू. मिळाले ते घेतले. पदरी पडले पवित्र झाले. हेही बऱ्याच अंशी खरे. पण पर्याय अगदी नव्हता असे नाही. सोव्हिएत संघाचे आयएल-२८ भारतापुढे होते आणि त्यावर विचारही झाला. आता त्या विमानाची बसण्याची व्यवस्था पाहा. वैमानिकाला इजेक्शन सीट, नाकातल्या नेव्हिगेटरलाही इजेक्शन सीट. शेपटीत एकटा बसणाऱ्या तोफचीला मात्र खालच्या झडपेतून उडी. म्हणजे लंडनला जा की मॉस्कोला, कुणीतरी एक जण खुर्चीविना राहतच होता. फक्त तो विमानाच्या कुठल्या टोकाला बसेल एवढाच फरक. यावरून भारताने चूक केली असे मी म्हणणार नाही. कॅनबेराचा पल्ला आणि तिची उंची आपल्या गरजेला धरून होती, आणि तिने पुढची पन्नास वर्षे ते सिद्ध केले. पण निवड करताना ज्या गोष्टी तागडीत घातल्या जातात त्यांत पल्ला होता, बाँबचे वजन होते, किंमत होती. पडताना कोण वाचेल ही गोष्ट त्या काळी सहसा कुणी तागडीत घालत नव्हते. दोष एका देशाचा नाही, तागडीचा आहे.

चौथा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो: खुर्ची मिळाली म्हणजे माणूस वाचला असे कुठे आहे? ६ सप्टेंबर १९६५ च्या रात्री जामनगरवर आलेल्या पाकिस्तानी बी-५७ मध्ये दोघांनाही इजेक्शन सीट होत्या, तरी स्क्वाड्रन लीडर शब्बीर आलम सिद्दिकी आणि स्क्वाड्रन लीडर अस्लम कुरेशी दोघेही मारले गेले. जमिनीलगत विमान आदळायला क्षणही लागत नाही. मूठ ओढायला हात जायच्या आत सगळे संपते. आणि खुर्चीने बाहेर काढले तरी पुढे काय? डिसेंबर १९७१ च्या युद्धात फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचे सुखोई-७ पाकिस्तानातल्या शोरकोटजवळ पडले. ते एकट्याचे विमान. ते पकडले गेल्याची बातमी तिकडच्या वर्तमानपत्रात छापून आली असे त्यांचे कुटुंब सांगत राहिले. पाकिस्तानने असा कैदी आपल्याकडे नसल्याचेच सांगितले. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या आणि अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. २००७ मध्ये बेपत्ता सैनिकांचे नातेवाईक पाकिस्तानातल्या तुरुंगांत आपली माणसे शोधायला गेले, आणि रिकाम्या हाताने परतले. बेपत्ता ५४ जणांच्या त्या यादीत कॅनबेराचे फ्लाइट लेफ्टनंट एल. एम. सासून आणि फ्लाइट लेफ्टनंट आर. एम. अडवाणी या जोडीचीही नावे आहेत. त्यांचे विमान त्याच युद्धाच्या पहिल्या काही रात्रींत परतले नाही. इथे दोघांचे दैव सारखेच निघाले. तेव्हा खुर्ची म्हणजे अमृत नव्हे, हे कबूल. पण या आक्षेपातून निघते ते एवढेच की खुर्ची असूनही माणूस मरू शकतो. खुर्ची नसली तरी चालते, असे त्यातून निघत नाही. विहिरीवर कठडा असूनही कुणी पडतो, म्हणून कठडा अर्ध्याच बाजूला बांधत नाहीत.

आणखी एक आक्षेप बोलून दाखवला जात नाही, पण मनात असतो. तळहातावर शिर घेऊन निघालेल्यांच्या बाबतीत खुर्च्या मोजत बसणे म्हणजे त्यांच्या शौर्याला कमीपणा आणणे नव्हे काय? मला नेमके उलट वाटते. नेव्हिगेटरला स्वतःची जागा माहीत होती. दार कुठे आहे, तिथवर जायला किती वेळ लागतो, हे तो जमिनीवर सराव करून शिकलेला असे. हे माहीत असूनही तो रात्रीमागून रात्र त्या नाकात जाऊन बसला, तर त्याचे धैर्य त्याच्या जोडीदाराहून तसूभर जास्तच मानायला हवे. खुर्च्यांचा हिशेब मांडला नाही तर हे धैर्य दिसतच नाही. आणि या विषम रचनेचा भार वैमानिकावरही पडे. विमान पेटले आहे, दुसरा माणूस खाली दाराकडे सरपटतो आहे, तो पोचला की नाही ते घुमटाखालून दिसत नाही. मूठ कधी ओढायची? आधी ओढली तर दुसऱ्याला सोडून गेल्याचा सल, थांबले तर दोघेही जाणार. दोघांना सारखी खुर्ची असती तर हा प्रश्नच उभा राहिला नसता. यंत्र बनवणाऱ्यांनी जो निर्णय घ्यायचे टाळले तो त्यांनी एका तरुण अधिकाऱ्याच्या गळ्यात, आयुष्यातल्या सर्वांत वाईट तीन-चार सेकंदांत, बांधून ठेवला. जो वाचला त्याच्या वाचण्यालाही मग काटा राहतो.

कॅनबेराला कमी लेखण्यासाठी हे लिहिलेले नाही. स्क्वाड्रन लीडर जगमोहन नाथ यांनी छायाचित्रणाच्या कॅनबेरातून शत्रूच्या मुलखावर एकट्या विमानाने फेऱ्या केल्या आणि त्यांना महावीर चक्र दोनदा मिळाले. विंग कमांडर रमेश सखाराम बेनेगल यांना १९७१ मध्ये याच कामासाठी ते मिळाले. मे १९९९ मध्ये कारगिलवर गेलेल्या एका जुन्या कॅनबेराच्या इंजिनाला क्षेपणास्त्र लागले, तरी स्क्वाड्रन लीडर पेरुमल यांनी ती उरलेल्या इंजिनावर सुखरूप उतरवली. ११ मे २००७ रोजी आग्र्यात तिला निरोप दिला गेला तेव्हा तिने अर्धे शतक पुरे केले होते. एवढ्या गुणी यंत्रातसुद्धा माणसामाणसांत भेद करणारी एक जागा होती, आणि ती जागा गुणांच्या झगमगाटात दिसली नाही, म्हणून तर ती दाखवावी लागते. वाईट यंत्राचे दोष सगळ्यांना दिसतात. चांगल्या यंत्राचे दोष त्याच्या कौतुकाखाली झाकले जातात.

जे कॅनबेरात नव्हते ते पुढे आले. पुण्यातल्या लोहगावच्या, कॅनबेराच्या जुन्या तळावर आता सुखोई-३० असते. त्यातही दोघे बसतात, आणि दोघांनाही इजेक्शन सीट असते. १४ ऑक्टोबर २०१४ रोजी लोहगावला उतरायच्या बेतात असलेले एक सुखोई-३० पुण्याजवळच्या थेऊरपाशी पडले. दोघेही बाहेर फेकले गेले आणि दोघेही वाचले. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत दोन्ही वैमानिक सुखरूप हे शब्द किती सहज आले. ते सहज यावेत म्हणून लँकेस्टरच्या झडपेपासून किती जणांची गणिते आणि किती जणांचे मृत्यू खर्ची पडले, हे त्या बातमीत मावणारे नव्हते.

दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात २५ हजारांहून अधिक नावे ग्रॅनाइटवर कोरलेली आहेत. प्रत्येकाला एक पाटी, सगळ्या पाट्या सारख्या. तिथे वैमानिकाची पाटी मोठी आणि नेव्हिगेटरची लहान असा भेद नाही. मेल्यावर बरोबरी द्यायला फारसा खर्च येत नाही. ती जिवंतपणी द्यायची तर आराखड्याच्या कागदावर द्यावी लागते. बोदवडच्या शेजारी वरणगाव आणि भुसावळला ऑर्डनन्स फॅक्टऱ्या आहेत, रेल्वे तर दारातच आहे, जिनिंगचे कारखाने आहेत. यंत्राबरोबर जगणे या मुलखाला नवे नाही. शस्त्र किती लांब मारते, गाडी किती टन ओढते, हे विचारायची सवय आपल्याला आहे. त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारण्याची सवय लागली पाहिजे: यात दुसरा माणूस कुठे बसतो, आणि त्याचे दार किती लांब आहे?